फ्राउएनकिर्शे ही नक्कल नव्हे, दुरुस्ती आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ड्रेस्डेन शहरावरचा प्रवासलेख वाचला. लेखणी चांगली आहे, एल्बे नदीकाठची संध्याकाळ छान उतरली आहे. पण तिथल्या फ्राउएनकिर्शे या लुथरन चर्चला लेखकाने एका वाक्यात निकालात काढलं आहे. राजाने बांधलं, बॉम्ब पडून कोसळलं, आता हुबेहूब नक्कल उभी केली आहे, असा त्या वाक्याचा मथितार्थ. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. माझी सगळी नोकरी जुन्या इमारतींचे तडे तपासण्यात गेली. तडा कुठून सुरू झाला हे शोधायचं, आणि इमारत सांधता येईल की पाडावीच लागेल हे लेखी द्यायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर मुलीकडे ड्रेस्डेनला राहण्याचा योग आला, तेव्हा इतर मंडळी राजवाडे बघत असताना मी बहुतेक वेळ या एका चर्चभोवती दुर्बीण घेऊन फिरत होतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी राजाची गोष्ट. ड्रेस्डेन ज्याची राजधानी त्या सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे राज्यकर्ता, ऑगस्टस याला पोलंडचं सिंहासन हवं होतं, म्हणून १६९७ साली त्याने धर्मपंथ बदलला आणि तो कॅथलिक झाला. सॅक्सनी म्हणजे कॅथलिक चर्चशी फारकत घेणाऱ्या मार्टिन लुथरच्या चळवळीचं माहेरघर, त्याचं विटेनबर्ग त्याच राज्यातलं. राजा पलीकडे गेला, प्रजा मात्र जागची हलली नाही. १७२६ च्या ऑगस्टमध्ये या चर्चची पायाभरणी झाली ती नगर परिषदेच्या पुढाकाराने आणि मुख्यतः शहरवासीयांच्या पैशाने. राजाने त्यात खोडा घातला नाही, उलट शहराची शोभा वाढेल म्हणून त्याला ते हवंच होतं. राजघराण्याचं स्वतःचं कॅथलिक चर्च नदीकाठी उभं राहू लागलं ते त्यानंतर, १७३९ पासून. दोन्ही चर्च एकमेकांपासून चार पावलांवर आहेत आणि ही जुनी चुरस आजही नुसत्या नजरेने कळते.

पैसा कायम अपुरा. साल्झबुर्गमधून हाकलून दिलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांसाठी जमवलेली वर्गणीसुद्धा या कामाकडे वळवली गेली. माहितीपत्रकं हे जरा दबक्या आवाजातच सांगतात. सज्जांच्या खाली काचेच्या खिडक्या असलेल्या छोट्या छोट्या प्रार्थना-खोल्या काढल्या होत्या. ऐपतदार कुटुंबांनी त्या भाड्याने घ्यायच्या आणि त्यातून चर्चला उत्पन्न मिळायचं. देवाच्या दारी सगळे सारखे हे खरं, पण वाऱ्याची झुळूक न लागणारी जागा तेव्हाही पैसे मोजूनच मिळत होती.

आता ज्याने हे उभं केलं त्याच्याकडे वळतो. गेओर्ग बेअर हा नगर परिषदेचा सुतार-मिस्त्री. लाकूडकामातून वर आलेला, हाताने काम केलेला माणूस. लुथरन उपासनेत प्रवचन ऐकू येणं महत्त्वाचं, म्हणून त्याने कॅथलिक पद्धतीचा लांबलचक दिवाणखाना न काढता जवळजवळ चौरस, मध्यभागी सगळ्यांना गोळा करणारी वास्तू आखली. चार कोपरे तिरपे कापून तिथे जिन्यांचे मनोरे, आत आठ सडपातळ खांब, खांबांमागे गोलाकार चढत गेलेले सज्जे. प्रवचनाची जागा, बाप्तिस्म्याचं पात्र, वेदी आणि तिच्या वर ऑर्गन, सगळं एका ओळीत. कुठेही बसा, समोर तेच दिसणार. यातली सगळ्यात अवघड कल्पना म्हणजे लोकांना इतकं जवळ बसवून त्यांच्या डोक्यावर दगडी घुमट पेलायचा.

हा घुमट मुळात लाकडाचा होणार होता, वरून तांब्याचा पत्रा. पुढे बेअरने दगडाचा आग्रह धरला. तांबं महाग पडतंय, दगडच परवडेल, असं त्याने नगर परिषदेला पटवलं. एल्बेच्या वरच्या अंगाला वालुकाश्माच्या खाणी आहेत, तिथला दगड नावेत घातला की प्रवाहाबरोबर शहरात येतो. अशा रीतीने सुमारे १२,००० टनांची, खालच्या बाजूला घंटेसारखी बाहेर झुकणारी दगडी टोपी त्या आठ खांबांवर आली. जर्मन लोक तिला ‘दगडी घंटा’च म्हणतात. क्रूसासकट उंची ९१ मीटर.

इथे माझ्यातला तपासनीस जागा होतो. बेअरची समजूत अशी होती की घुमटाचा भार नुसत्या खांबांवर येणार नाही. खांबांपासून बाहेरच्या भिंतींकडे पसरत जाणाऱ्या आडव्या-उभ्या भिंतींमधून तो बाहेर जाईल आणि सगळी इमारत मिळून तो पेलेल. विचार चूक नव्हता. काम मात्र त्या विचाराला पुरं पडलं नाही. सांधे जाड, चुना कमजोर, खांबांच्या पोटातली दगडभरणी असमान, आणि घुमटाचा बाहेरचा रेटा बांधून धरणारी लोखंडी कडी अपुरी. परिणामी जो भार बाहेर जायला हवा होता तो बराचसा सरळ खाली खांबांवर आला. घुमट पुरा होण्याआधीच खांबांना तडे दिसू लागले. १७३८ मध्ये बेअर वारला तेव्हा वरचा कंदील, म्हणजे घुमटावरचा छोटा मनोरा, व्हायचाच होता. कॅथलिक चर्चसाठी आणलेला इटालियन वास्तुकार गाएतानो किआवेरी याने तर हा घुमट उतरवून टाका असा सल्ला दिला. सल्ला प्रतिस्पर्ध्याचा, त्यामुळे तो कोणाला रुचला नसणार. पण कागद माझ्यासमोर आला असता तर मीही ‘तातडीने आधार द्या’ असा शेरा मारला असता, हे प्रामाणिकपणे सांगतो. घुमट उतरवला नाही. १७४३ मध्ये क्रूस चढला आणि काम पुरं झालं.

गंमत म्हणजे १७६० साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने शहरावर तोफा डागल्या तेव्हा शेजारचं क्रॉइत्सकिर्शे हे चर्च उद्ध्वस्त झालं, पण या घुमटावर आदळलेले शंभरावर गोळे नुसते उसळून परत गेले. कवच पोलादासारखं आणि पाय कच्चे, अशी ही इमारत होती. पुढची दोनशे वर्षं तिची डागडुजी चालूच राहिली. शेवटची मोठी दुरुस्ती गेओर्ग र्‍यूट या अभियंत्याच्या सल्ल्याने झाली. त्याने घुमटाला नव्या कड्या घातल्या, पोकळ्या भरल्या. ते काम १९४२ मध्ये संपलं.

आणि तीन वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, ब्रिटिश विमानं आली. लेखक म्हणतात चर्च बॉम्बने पडलं. तसं झालं नाही. हल्ला थांबला तेव्हा घुमट उभा होता, आणि तळघरात आसरा घेतलेले सुमारे तीनशे लोक बाहेर पडू शकले. मारलं ते आगीने. खिडक्यांतून ज्वाळा आत शिरल्या. बाकं, सज्जे, ऑर्गनचा सांगाडा, सगळं लाकूड. बंद भट्टीत पेटावं तसं ते पेटलं. एल्बेचा वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सियसला आपली स्फटिकरचना बदलतो आणि एकदम फुगतो. दगडाचा कणन् कण असा आतून ढकलला गेला की तो भुसभुशीत होतो. आधीच दोनशे वर्षं कण्हत असलेले खांब एक दिवस आणि आणखी एक रात्र तग धरून राहिले. १५ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ते खचले आणि घुमट खाली आला. उरलं काय, तर वेदीमागच्या भिंतीचा तुकडा आणि वायव्येकडच्या जिन्याच्या मनोऱ्याचा सुळका. मध्ये राडारोड्याचा डोंगर.

तो डोंगर तिथेच पडून राहिला हे या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नशीब. पूर्व जर्मनीच्या सरकारला चर्च बांधायला पैसे नव्हते आणि इच्छाही नव्हती. जागा साफ करून वाहनतळ करायच्या गोष्टी होत होत्या. याच शहरातलं सोफीएनकिर्शे हे मध्ययुगीन चर्चही जळालं होतं. त्याच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत होत्या, तरी पूर्व जर्मनीचा कम्युनिस्ट नेता वाल्टर उलब्रिश्ट याच्या राजवटीने १९६२-६३ मध्ये ते जमीनदोस्त केलं. फ्राउएनकिर्शेच्या ढिगाऱ्याचं तसं झालं नाही याचं श्रेय हान्स नाडलर या पुरातत्त्व-संरक्षण अधिकाऱ्याला जातं. त्याने युद्ध संपल्या संपल्या दगड मोजून-नोंदवून ठेवायला सुरुवात केली आणि नंतर हरतऱ्हेच्या युक्त्या करून ढिगारा हलू दिला नाही. सरकारी नोकरीत राहून, वरिष्ठांना उघड नाही न म्हणता, एखादी गोष्ट चाळीस वर्षं लांबणीवर टाकत नेणं हीसुद्धा एक कला आहे. मी नोकरी केली असल्याने तिची किंमत जाणतो. १९६६ मध्ये तो ढिगारा अधिकृत युद्धस्मारक झाला. १९८२ च्या १३ फेब्रुवारीला तरुण मुलंमुली पोलिसांच्या नजरेदेखत तिथे मेणबत्त्या घेऊन जमली, आणि पुढे दरवर्षी जमत राहिली. १९८९ च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल याच ढिगाऱ्यासमोर बोलले.

त्यानंतर लगेच, फेब्रुवारी १९९० मध्ये, काही नागरिकांनी ‘ड्रेस्डेनहून हाक’ या नावाचं आवाहन काढलं: चर्च पुन्हा उभं करू, जगाने मदत करावी. ट्रम्पेटवादक लुडविग ग्युट्लर त्यांचा म्होरक्या. आज ते सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं, पण तेव्हा विरोध जबरदस्त होता आणि तोही जाणत्यांचा. सॅक्सनीच्या लुथरन चर्चचे बिशप योहानेस हेंपेल यांनाच ते पसंत नव्हतं. इतका पैसा दगडात का घालायचा, आणि ढिगारा जे बोलतो ते नवी इमारत बोलेल का, हा त्यांच्यासारख्यांचा प्रश्न. वारसासंवर्धनाच्या क्षेत्रातले लोक १९६४ च्या व्हेनिस सनदेकडे बोट दाखवत होते. त्या सनदेचा कल स्पष्ट आहे: गेलेलं ते गेलं, अंदाजाने पुन्हा बांधू नका. शिवाय समोर दोन नामांकित उदाहरणं होती. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जळालेलं कॅथीड्रल तसंच ठेवून शेजारी १९६२ मध्ये नवं बांधलं. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म चर्चचा फुटका मनोरा ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना एगॉन आयरमान या वास्तुकाराने १९६१ मध्ये निळ्या काचेच्या आधुनिक वास्तू उभारल्या. तसं इथे का नाही?

मलाही एरवी हाच पक्ष पटतो. नोकरीत ‘मूळ स्वरूपात पुनर्बांधणी’ या शब्दांखाली काय काय खपवलं जातं ते भरपूर पाहिलं आहे. पण ड्रेस्डेनच्या बाबतीत एक फरक आहे आणि तो ढिगाऱ्याच्या पोटात होता. इथे अंदाज करायची गरज फार थोड्या ठिकाणी पडली.

जानेवारी १९९३ मध्ये ढिगारा उपसायला घेतला, बुलडोझर लावून नव्हे तर उत्खनन करतात तसा. सुमारे २२,००० घनमीटर राडारोडा. जागेवर चौकटींची आखणी केली होती. कोणता दगड कोणत्या चौकटीत, किती खोलीवर, कोणत्या बाजूला तोंड करून पडला हे मोजायचं, फोटो काढायचा, क्रमांक घालायचा आणि मगच तो उचलायचा. घुमट कोसळताना दगड इतस्ततः उधळले नाहीत, साधारण आपापल्या बाजूला खाली आले. त्यामुळे पडलेल्या जागेवरून मूळ जागा शोधता येत होती. त्याला जोड मिळाली ती १९३८ ते ४२ मधल्या दुरुस्तीच्या वेळी काढलेल्या मोजमापांच्या नकाशांची आणि जुन्या छायाचित्रांची. दर्शनी भागाचे आठ हजारांहून अधिक दगड निघाले. त्यांतले सुमारे ३८०० पुन्हा बसवले, आणि ज्यांचा पत्ता लागला ते त्यांच्या मूळ ठिकाणी. उभा राहिलेला सुळका आणि वेदीमागची भिंत न पाडता नव्या बांधकामात सामावून घेतली. वेदीवरचं योहान ख्रिस्टियान फायगेचं शिल्पकाम सुमारे २००० तुकड्यांतून जुळवलं.

ओकच्या दरवाज्यांवरचं कोरीवकाम नेमकं कसं होतं हे कुठल्याच कागदात मिळेना. मग शहरात आवाहन केलं, की या दारात उभं राहून लग्नाचे फोटो काढलेल्यांनी ते पाठवावेत. लोकांनी अल्बमच्या अल्बम पाठवले, आणि नवरा-नवरीच्या खांद्यामागून दिसणाऱ्या नक्षीवरून सुतारांनी दारं केली. या प्रकल्पाबद्दल मला कोणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी ही सांगेन.

आता जवळून काय दिसतं ते. वायव्येच्या मनोऱ्यापाशी जा, माणसाच्या छातीच्या उंचीवर पाहा. काळ्या दगडाला लागून पिवळसर नवा दगड आहे. नव्याच्या कडा धारदार, सांधा इतका बारीक की नखही जाणार नाही. काळ्याच्या कडा टवके उडून गोलावलेल्या, त्यामुळे त्याच्याभोवतीचा सांधा कुठे रुंद, कुठे अरुंद. गवंड्याने जुन्या दगडाची कड सरळ कापून घेतली असती तर काम अर्ध्या वेळात झालं असतं. तशी ती कापलेली नाही. वर नजर टाका. उजळ भिंतीवर असे काळे चौकोन विखुरलेले आहेत, काही एकटे, काही दोन-तीन मिळून. ते सजावटीसाठी पेरलेले नाहीत. प्रत्येक जण आपल्या जागी परत गेला आहे.

लेखात हे दगड ‘आगीत जळून काळे पडलेले’ म्हटले आहेत. हा समज सगळीकडे आहे, अगदी चौकात फिरणारे पर्यटकही एकमेकांना तेच सांगत असतात. या वालुकाश्मात लोहाचा अंश असतो, तो उघड्यावर वर्षानुवर्षं राहिला की काळवंडतो, आणि शहराची काजळी त्यात भर घालते. युद्धाआधीच्या छायाचित्रांत सगळं चर्च काळंच दिसतं. न पडलेल्या जुन्या इमारतीही त्या शहरात काळ्या आहेत. आजचे पिवळे दगडही हळूहळू त्याच वाटेने जातील आणि कधीतरी जुना-नवा हा भेद पुसला जाईल. ज्यांना ही खूण कायम राहावी असं वाटतं त्यांना हे रुचणार नाही. मला त्यात वावगं वाटत नाही.

नक्कल म्हणायला माझी मुख्य हरकत मात्र आतल्या बांधणीमुळे आहे. नक्कल करणारा दोषही उतरवतो किंवा आतून काँक्रीट ओतून बाहेरून दगड चिकटवतो. इथे संरचनेचं काम पाहणारे फ्रिट्झ वेन्झेल आणि वोल्फ्राम येगर यांनी दोन्ही टाळलं. घुमट पुन्हा दगडाचाच केला. बेअरला भार जसा बाहेरच्या भिंतींकडे न्यायचा होता तसाच तो न्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी त्याच्याकडे जे नव्हतं ते दिलं: घुमटाच्या पायथ्याशी ताण देऊन बसवलेली पोलादी कडी, जी बाहेरचा रेटा आवळून धरते. खांबांसाठी निवडक, अधिक मजबूत वालुकाश्म घेतला, तो मिलिमीटरच्या हिशेबाने कापला आणि अगदी पातळ सांध्यांवर चढवला. बेअरची आकृती तीच आहे, फक्त तिची भारवाहनाची वाट आता खरोखर चालते. म्हणजे १७३८ च्या तड्याची दुरुस्ती १९९० च्या दशकात झाली. माझ्या धंद्यात यापेक्षा समाधानाची गोष्ट नाही.

वर जायची सोय आहे. आधी थोडं लिफ्टने, मग घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांमधून गोल गोल चढत जाणाऱ्या उतारावरून. गुडघे बरे असतील तर चुकवू नये. दोन्ही बाजूंना दगड, आणि कवच किती जाड आहे हे हाताने चाचपत जाता येतं. शेवटी ६७ मीटरवर सज्जा. एल्बेचं वळण दिसतं. लेखकाने तेच वर्णन केलं आहे, त्यामुळे पुन्हा करत नाही.

सगळं मला आवडलं असं नाही. आतला रंग फार ताजा आहे. फिकट गुलाबी, पिस्ता, सोनेरी. अठराव्या शतकात तो असाच होता हे मान्य, पण चाळीस वर्षं काळोखी दगडाचे फोटो बघून गेलेल्या माणसाला आत शिरल्यावर दोन मिनिटं सावरावं लागतं. ऑर्गनवरून तर मोठा वाद झाला. मूळ वाद्य गॉटफ्रीड झिल्बरमानचं, १७३६ मधलं. ते बसल्यावर आठवड्याभरात खुद्द संगीतकार बाखने, १ डिसेंबरला, त्यावर वादन केलं होतं. अनेकांना तेच वाद्य जसंच्या तसं हवं होतं. ऐवजी स्ट्रासबर्गच्या डॅनियल कर्न यांच्याकडून जास्त स्वरपट्ट्यांचं, नंतरच्या काळातलं संगीतही वाजवता येईल असं वाद्य करून घेतलं, फक्त दर्शनी सांगाडा जुन्यासारखा. दगडांच्या बाबतीत इतकं काटेकोर राहून इथे का सोडून दिलं, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण चर्चमध्ये रोज वाजवायचं कोणी, तर तिथल्या वादकाने. घंटांचीही कथा आहे. नव्या सात घंटांवर इतकी नक्षी काढली की सूर बिघडला, आणि पुन्हा ओताव्या लागल्या. जुनी एकच परत आली, १५१८ मध्ये ओतलेली. ती या चर्चपेक्षाही वयाने मोठी आहे.

लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही अशी एक जागा म्हणजे तळघरातलं चर्च. ते १९९६ मध्येच वापरात आलं, वर परांची बांधली जात असताना खाली प्रार्थना चालत. तिथे मधोमध काळ्या आयरिश चुनखडकाची एक अखंड शिळा वेदी म्हणून ठेवली आहे, वरून वाटीसारखी कोरलेली. ती केली आहे अनिश कपूर यांनी, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या शिल्पकाराने. मराठी वृत्तपत्राच्या प्रवासलेखात ही गोष्ट सुटावी याचं आश्चर्य वाटलं. वरच्या मजल्यावर घुमटावरचा जुना क्रूस ठेवला आहे. तो १९९३ मध्ये ढिगाऱ्यात सापडला, वाकलेला, पिळवटलेला. नवा क्रूस ब्रिटिश लोकांच्या वर्गणीतून लंडनमध्ये घडवला गेला. ज्या कारागिराने तो घडवला त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानदलात वैमानिक होते. जून २००४ मध्ये तो क्रूस घुमटावर चढला आणि ३० ऑक्टोबर २००५ ला चर्चचं पुन्हा अर्पण झालं. लुथरन लोक ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणेचा दिवस पाळतात, त्याची आदली तारीख.

खर्च सुमारे १८ कोटी युरो, त्यातले १० कोटींहून अधिक देणग्यांतून. दगडाचा कपचा बसवलेली मनगटी घड्याळंसुद्धा विकली. वैद्यकशास्त्राचं १९९९ चं नोबेल मिळालेले गुंटर ब्लोबेल यांनी पुरस्काराची जवळजवळ सगळी रक्कम ड्रेस्डेनला दिली. लहानपणी, १९४५ मध्ये, निर्वासित म्हणून त्या शहरातून जाताना त्यांनी हा घुमट उभा असलेला पाहिला होता. त्या देणगीतला वाटा नव्या सिनेगॉगलाही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळालाही, गेला, कारण जुनं सिनेगॉग १९३८ मध्ये जाळलं गेलं होतं, आणि ते कोणा परक्याने जाळलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. हे चर्च केवळ बळी नव्हतं. नाझींना अनुकूल असलेले ‘जर्मन ख्रिस्ती’ १९३० च्या दशकात सॅक्सनीच्या लुथरन चर्चवर हावी झाले आणि फ्राउएनकिर्शेला त्यांनी आपलं ‘डोम’, म्हणजे मुख्य चर्च, म्हणून मिरवलं. हे वगळून १९४५ ची रात्र सांगितली की गोष्ट एका बाजूला कलते.

आणि याच कारणासाठी लेखातला एक आकडा दुरुस्त व्हायला हवा. त्या हल्ल्यांत ‘दोन लाखांवर’ माणसं मेली असं छापलं आहे. मार्च १९४५ च्या पोलिसी अहवालात तोवर मोजलेले मृत २०,२०४ होते आणि एकूण संख्या २५,००० पर्यंत जाईल असा अंदाज होता. नाझी प्रचारयंत्रणेने त्याला एक शून्य जोडलं आणि २,०२,०४० असा आकडा परदेशी वृत्तपत्रांकडे सोडला. ड्रेस्डेन नगर परिषदेने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने दफननोंदी, निर्वासितांच्या याद्या, उत्खननाचे अहवाल सगळं तपासून २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० हीच मर्यादा सांगितली. मोठा आकडा आजही तिथले अतिउजवे दर १३ फेब्रुवारीच्या मोर्चात फलकांवर मिरवतात. येत्या रविवारी पुरवणीत छोटी चौकट टाकून तो दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता